बाह्यरुग्ण

मराठींत कांहीं शब्द असे आहेत कीं, ते प्रथम कानांवर पडतात तेव्हां निव्वळ कारकुनी वाटतात. पण एकदां मनांत शिरले म्हणजे तेथून हलत नाहींत. ‘बाह्यरुग्ण’ हा त्यांपैकीं एक. रुग्णालयाच्या पाटीवर तो आपण शेंकडों वेळां वाचतों. जो रोगी खाटेवर निजत नाहीं, औषध घेऊन आपल्या घरीं परततो, तो बाह्यरुग्ण, एवढाच त्याचा सरळ अर्थ. परंतु दारूच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्या माणसाच्या कागदावर तो शब्द लिहिला जातो, तेव्हां त्यांतील ‘बाह्य’ हें पद एकाएकीं बोलूं लागतें. इतर रोगी दवाखान्याबाहेर पडला म्हणजे आपण त्याच्याविषयीं निर्धास्त होतों. व्यसनी माणूस बाहेर पडतो तो सरळ आपल्या रोगाच्या अंगणांत पाऊल टाकतो. कोपऱ्यावरचें दुकान, जुन्या मित्राची हांक, पगाराचा दिवस, रविवारचें मटण, हें सारें बाहेरच असतें.

माझे एक आतेभाऊ येथील उद्यमनगरांतल्या एका कारखान्यांत फोरमन आहेत. वयानें ते माझ्याहून दोन वर्षांनीं मोठे. आम्ही सारे त्यांना दादा म्हणतों. त्यांच्या पिण्याला वीस वर्षें होऊन गेलीं होतीं. पहिलीं कांहीं वर्षें तें हौशीचें होतें, मग सवयीचें झालें आणि शेवटीं सकाळीं हात थरथरूं नयेत म्हणून घ्यावयाचें औषध झालें. चौदा महिन्यांपूर्वीं एका सकाळीं त्यांच्या हातांतून चहाची बशी तिसऱ्यांदा पडली, तेव्हां वहिनींनीं मला निरोप पाठविला आणि आम्ही तिघें एका मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलों.

डॉक्टरांनीं पहिलाच प्रश्न विचारला तो मोठा व्यवहारी होता. पूर्वीं दारू थांबविल्यावर कधीं झटके आले होते काय? भ्रम झाला होता काय? घरांत रात्रंदिवस लक्ष ठेवणारें कोणी आहे काय? रोज भरपूर पिणाऱ्यानें दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊं शकतात, आणि त्यापुढच्या एकदोन दिवसांत असा भ्रम होऊं शकतो कीं त्यांत माणूस दगावावा. हें मला तोंवर ठाऊक नव्हतें. ‘मनाचा निग्रह असेल तर आजच सोड’ असें सांगणारे हितचिंतक किती धोक्याचा सल्ला देत असतात! दादांना झटक्यांचा पूर्वेतिहास नव्हता, आणि वहिनी घरांत होत्या. म्हणून त्यांना दाखल न करतां घरींच ठेवण्याचें ठरलें. पहिले सात दिवस रोज तपासणी, उतरत्या क्रमानें गोळ्या, थायामिन हें जीवनसत्त्व. पुढें आठवड्यास एक भेट, नंतर पंधरवड्यास, नंतर महिन्यास. गोळ्यांची पेटी वहिनींच्या हातीं.

खरें अवघड होतें तें त्यानंतर. दारू शरीरांतून लवकर जाते. संध्याकाळ मात्र रोज येते. दवाखान्यांतील समुपदेशकानें दादांना पहिल्या आठवड्यांत उपदेश केला नाहीं. कारखान्यापासून घरापर्यंतचा रस्ता कागदावर काढावयास सांगितला. त्या रस्त्यावर मद्याचीं तीन दुकानें निघालीं. मग दुसरा रस्ता आंखला गेला, आणि तो गंगावेशीवरून जाऊं लागला. तेथें सायंकाळीं दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि लोक समोर काढलेलें धारोष्ण दूध पेला भरून पितात, हें कोल्हापूरकरांस सांगावयास नको. दादांनीं घटका दोन घटका तेथें घालवावी, असें ठरलें. एका पेल्याच्या जागीं दुसरा पेला, असा हा साधा उपाय. पण ज्या हाताला वीस वर्षें सायंकाळीं पेला धरण्याची संवय, त्याला रिकामें ठेवणें शहाणपणाचें नव्हे.

आमच्या गांवाला हा उपचार कळावयास कठीण जाऊं नये. कुस्ती खासबागेच्या मैदानांत एका दिवशीं होते. तिला तिकीट असतें, हलगी असते, टाळ्या असतात. मेहनत मात्र तालमींत रोज पहांटे होते आणि ती पाहावयास कोणी येत नाहीं. व्यसनमुक्तीच्या केंद्रांत महिनाभर दाखल होणें कित्येकांना अगदीं अवश्य असतें, आणि तें केल्याशिवाय त्यांना तरणोपाय नसतो. परंतु तेथून परतल्यावर त्यालाहि बाह्यरुग्ण व्हावेंच लागतें. जोर-बैठका कोणालाच चुकत नाहींत.

पांचव्या महिन्यांत आषाढी अमावास्या आली. तिला दिव्यांची अमावास्या म्हणावें असें पंचांग सांगतें. लोक तिला कोणत्या नांवानें ओळखतात तें सर्वश्रुत आहे. त्या रात्रीं दादा पिऊन आले. वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, पैसे पाण्यांत गेले.” दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांनीं त्यांना विचारलें, “मधुमेह्यानें लग्नांत दोन जिलब्या खाल्ल्या, तर तुम्ही त्याचें इन्सुलिन बंद कराल काय?” त्या कांहीं बोलल्या नाहींत. पण गोळ्यांची पेटी त्यांनीं पुन्हां उघडली.

त्यांचे ‘पैसे पाण्यांत गेले’ हे शब्द मात्र माझ्या मनांतून गेले नाहींत. कारण त्या पैशांचा उगम मला ठाऊक होता. वहिनी हिशेबाची वही ठेवतात. तींत पहिल्या महिन्याचा उपचाराचा खर्च, रक्ताच्या तपासण्या धरून, ९,४०० रुपये लिहिला आहे. तिसऱ्या महिन्यापासून तो २,३०० वर आला. त्यांच्याच अंदाजानें दादांच्या दारूला महिना सुमारें ८,००० लागत. कोणीहि गणिती म्हणेल कीं, हा तर निव्वळ फायद्याचा सौदा! परंतु संसाराचें गणित निराळें असतें. दारूचा पैसा दादांच्या खिशांतून जात असे, आणि तोहि पगार घरीं पोंचण्यापूर्वीं. औषधाचा पैसा वहिनींच्या डब्यांतून जाऊं लागला. दारू सुटली तरी कारखान्यांतून घेतलेली उचल आणि मित्रांची उधारी सुटली नव्हती. पहिले सहा महिने वांचलेला पैसा तिकडेच गेला. मधली खिंड भरून निघाली ती पतसंस्थेंत तारण ठेवलेल्या दोन पाटल्यांवर. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याल्या’तील सिंधू दळण दळते, तेव्हां १९१९ पासून आजवर प्रेक्षकांनीं डोळे पुसले आहेत. सुधाकराच्या पेल्याची किंमत कोण देतें, हें त्या जात्यानें आपल्याला शंभर वर्षांपूर्वींच सांगितलें होतें. सुधाकर सावरला असता, तर त्या सावरण्याची किंमतहि सिंधूनेंच दिली असती, हें मला दादांच्या घरीं कळलें.

विम्याचा विचार आम्हीं केलाच नाहीं असें नाहीं. कामगार राज्य विमा योजनेंत बाह्यरुग्णाचीहि सोय आहे. पण दादांचा पगार तिच्या मर्यादेपलीकडे केव्हांच गेला होता. कारखान्यानें सर्वांचा मिळून उतरविलेला आरोग्यविमा होता. त्याचें पत्रक मी एक संध्याकाळ बसून वाचलें. एका कलमांत असें होतें कीं, रोग्यानें किमान चोवीस तास रुग्णालयांत राहिलें पाहिजे; दुसऱ्यांत असें कीं, मद्य वा अन्य मादक पदार्थांच्या व्यसनावरील उपचार यांत धरलेले नाहींत. हीं कलमें कांहीं त्या एकाच पत्रकांतलीं नव्हेत. अशा अनेक विमापत्रांत तीं छापलेलीं असतात. आतां दुसरीकडे पाहा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून अमलांत आहे. त्यानें मद्य व मादक द्रव्यांच्या दुरुपयोगाशीं निगडित अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येंत घेतलें आहे, आणि शरीराच्या रोगाला ज्या पायावर विमा मिळतो त्याच पायावर मनाच्या रोगालाहि मिळाला पाहिजे, असें विमा कंपन्यांना बजावलें आहे. कायदा म्हणतो, हा रोग आहे. पत्रक म्हणतें, हा अपवाद आहे. या दोन कागदांच्या मधल्या जागेंत वहिनींच्या पाटल्या उभ्या होत्या.

तरीहि एक गोष्ट न्यायाची म्हणून सांगितली पाहिजे. दसरा चौकाजवळच्या सी. पी. आर. रुग्णालयांत मानसोपचाराचा विभाग आहे आणि तेथें केसपेपरला नाममात्र पैसे पडतात. पहिल्या दिवशींच तेथें जाऊं, असें मीं सुचविलें होतें. वहिनी म्हणाल्या, “तिथं रांगेंत आपल्या पेठेंतलं कोणी भेटलं म्हणजे?” म्हणून आम्ही खासगी डॉक्टरांकडे गेलों. पुढें आठव्या महिन्यांत, डॉक्टरांच्याच चिठ्ठीनें, दादा त्या रांगेंत उभे राहूं लागले. पेठेंतले दोघे तेथें भेटलेच, आणि ते स्वतःच आपापले केसपेपर लपवीत होते! खासगी फी आणि सरकारी केसपेपर यांच्यामधील जो फरक, त्याचा बराच मोठा भाग औषधाचा नसतो. ती लाजेची किंमत असते. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्याला नातलग शहाळीं घेऊन भेटावयास येतात, अडचणीला हजार-पांचशे हातावर ठेवतात. दादांच्या घरीं चौदा महिन्यांत कोणी शहाळें आणलें नाहीं. रोग लपवावयाचा म्हटला कीं खर्च दुप्पट होतो आणि मदत निम्मी होते.

ही लाज काढून टाकल्यावर पैशाचा प्रश्न किती हलका होतो, याचे दाखले आपल्या आसपासच आहेत. १९३५ सालीं अमेरिकेंतील अ‍ॅक्रन गांवीं बिल विल्सन हा रोख्यांचा दलाल आणि बॉब स्मिथ हा शस्त्रवैद्य, दोघेहि दारूनें बुडालेले, एकमेकांशीं बोलत बसले आणि त्यांतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ जन्मास आली. १९५७ पासून ती भारतांतहि आहे. तिच्या सभेला फी नाहीं. सभासदांत वर्गणीचें पात्र फिरतें, ज्याला जें जमेल तें तो टाकतो, आणि बाहेरच्याची देणगी मात्र घेतली जात नाहीं. पुण्याचें ‘मुक्तांगण’ याच्या उलट वाटेनें उभें राहिलें. अनिल अवचट यांचे गर्दच्या व्यसनावरील लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांच्या देणगीनें आणि डॉ. अनिता अवचट यांच्या श्रमानें १९८६ सालीं तें सुरू झालें. एका ठिकाणीं रोगीच एकमेकांचा भार वाहतात, दुसऱ्या ठिकाणीं वाचकानें वाचकाचें कर्तव्य ओळखलें.

तिसरा दाखला शेजारच्या गोव्याचा. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला आणि २०१७ सालीं तो ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाला. ज्यांचें पिणें घातक झालें आहे पण पुरतें हाताबाहेर गेलेलें नाहीं, अशा पुरुषांशीं थोडें शिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनीं जास्तींत जास्त चार वेळां बैठक घेतली. तीन महिन्यांनीं त्यांच्यापैकीं ३६ टक्के त्या अवस्थेंतून बाहेर आले होते. ज्यांना केवळ नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यांत हें प्रमाण २६ टक्के होतें. समुपदेशक डॉक्टर नव्हते, औषध महागडें नव्हतें, खाट तर नव्हतीच. हें इतकें स्वस्त असूनहि, २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें, आपल्या देशांत दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांपैकीं एकालाच कसलातरी उपचार मिळालेला होता. उरलेल्या सदतिसांच्या घरीं काय चालत असेल, तें तेथल्या वहिनींनाच ठाऊक.

आणि बाटलीवरचा कर? तो मात्र न चुकतां सरकारच्या तिजोरींत जातो. १८८० सालीं जोतीराव फुले यांनीं पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असतांना नव्या दारूदुकानांना विरोध केला. दुकानाचें उत्पन्न एकाच्या पदरांत पडतें आणि त्याचें दुष्परिणाम दुसऱ्याच्या. दादांनीं वीस वर्षें सरकारला जो कर भरला, त्याचा एक लहानसा अंश परत मिळाला असता, तर पाटल्या घरांतून हलल्या नसत्या.

दसरा चौकांत त्या रांगेंत दादांबरोबर मीहि कधीं कधीं उभा राहतों. समोर शाहू महाराजांचा पुतळा आहे आणि आसपास निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठीं निघालेलीं वसतिगृहें. १९०१ सालीं महाराजांनीं त्यांतलें पहिलें वसतिगृह काढलें, तेव्हां खेड्यांतल्या मुलाचें शिकणें हा त्याच्या बापाचा खासगी खर्च समजला जात होता. १९१७ सालीं त्यांनीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें आणि मोफत केलें, तेव्हां तो दरबाराचा खर्च झाला. एखादा खर्च घराचा कीं गांवाचा, हें कांहीं निसर्गानें ठरविलेलें नसतें. तें माणसें ठरवितात, आणि आमच्या गांवानें एकदां तें ठरवून दाखविलेलें आहे. दाखल झालेल्या रोग्याला चार भिंतींचें रुग्णालय मिळतें. बाह्यरुग्णाचें रुग्णालय म्हणजे त्याचा रस्ता, त्याची पेठ, त्याचा कारखाना, त्याला रविवारीं जेवावयास बोलावणारे आपण सारे. त्या रुग्णालयाचा खर्च एकट्या बाईनें कां सोसावा?

गेल्या महिन्यांत वहिनींनीं एक पाटली सोडवून आणली. दुसरी अजून पतसंस्थेंत आहे. पुढची आषाढी अमावास्या कशी जाईल, तें आज कोणालाच सांगतां येणार नाहीं. पण त्या दिवशीं जेवावयास माझ्याकडे यावें, असें मीं दादांना आतांच सांगून ठेवलें आहे.