पांदणीतून आल्यावर

बी. ए. द्वितीय वर्ष

काळ्या मातीचे कौतुक आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. बेसाल्ट खडकाची झीज होऊन ही माती तयार झाली, ती पाणी धरून ठेवते, तिच्यात कापूस चांगला येतो, असे भूगोलाच्या पुस्तकात लिहिलेले असते. ते सारे खरे आहे. पण हीच माती ओली झाली की चाकाला कशी धरते आणि सोडता सोडत नाही, हे गाडी धुणाऱ्यालाच ठाऊक! जवळा बाजारच्या शिवारात पावसाळ्यात एखाद्या पांदणीने चालून या, म्हणजे माझे म्हणणे पटेल. चार पावलांत चपला हातात घ्याव्या लागतात. शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आणली. आमच्या रानाकडची पांदण मात्र अजून मातीचीच आहे.

शहरातील हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी जीपगाड्या मुद्दाम चिखलात घालतात, असे मी ऐकले आहे. त्यांच्या हौसेबद्दल माझे काही म्हणणे नाही. आमच्याकडे तीच गोष्ट भाकरीसाठी रोज करावी लागते. आमची गाडी म्हणजे ट्रॅक्टर. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादांनी बारा वर्षे दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर पगारी ड्रायव्हर म्हणून काढली आणि मग हा जुना ट्रॅक्टर घेतला. त्याचा रंग उडाला आहे, बॉनेटवरची अक्षरेही पुसून गेली आहेत. ती असती तरी दादांच्या उपयोगाची नव्हती, कारण त्यांना सहीपुरतेच लिहिता येते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली.

ट्रॅक्टर रानातून आला की आधी लिंबाखाली उभा राहतो. तापलेल्या इंजिनावर एकदम गार पाणी पडले तर ते तडकण्याची भीती असते. दादांचा चहा होईपर्यंत मी जुने खुरपे घेऊन चाकांच्या खाचांतला चिखल काढते. ओला आहे तोवर तो सुटतो. एकदा वाळला की दगड! मग सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घालायचा, बॅटरी आणि डायनामोवर प्लॅस्टिक बांधायचे, एअर क्लीनरमध्ये पाणी जाणार नाही याची काळजी घ्यायची आणि मगच पाइप हातात धरायचा. रेडिएटरच्या जाळीत सोयाबीनचा भुसा अडकलेला असतो. तेथे पाणी आतून बाहेर मारावे लागते. समोरून मारले तर कचरा आणखीच घट्ट बसतो.

"उद्या पुन्हा चिखलातच जायचंय, रोज रोज कशाला धुता?" असे शेजारचे काका हसून विचारतात. दादांचे उत्तर ठरलेले आहे. "चिखलाखाली काय झालंय, ते न धुता कसं कळंल?"

गाडी धुण्याचा सगळा अर्थ या एका प्रश्नात आहे, असे मला आता वाटू लागले आहे. धुऊन झाले की खरे काम सुरू होते. दादा हातात बॅटरी घेऊन गाडीभोवती फिरतात, वाकतात, आडवे होतात. चाकाच्या नटाभोवती तांबड्या गंजाचा ओघळ दिसला की तो नट ढिला होऊन हलत आहे असे समजायचे. पुढच्या चाकाच्या तुंब्याशी ओल दिसली तर दादा लगेच काही बोलत नाहीत. अर्ध्या तासाने पुन्हा पाहतात. पाणी असेल तर वाळते. तेल असेल तर डाग तसाच राहतो आणि आतले सील गेले हे कळते. इंजिनाचे ऑइल ते गेजपट्टीवरून बोटावर घेतात. त्याला दुधाळ रंग आला असेल तर आत पाणी शिरले. टायरवरून हात फिरवून तुरीचे धसकट कोठे घुसले आहे काय ते पाहतात. रोटाव्हेटरच्या शाफ्टला गवत, सुतळी, ठिबकच्या फाटक्या नळ्या गुंडाळलेल्या असतात. त्या वेळीच कापून काढल्या नाहीत तर सील कापले जाते. शेवटी ग्रीस. पंपाने नवे ग्रीस भरू लागले की सांध्यातून आधी काळे, माती मिसळलेले ग्रीस बाहेर येते. ते स्वच्छ येईपर्यंत पंप मारायचा असतो. तेवढे काम माझे.

आमचे आजोबा बैलांवर शेती करीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते बैल धुऊन त्यांची खांदमळणी करीत, जू जेथे बसते त्या खांद्याला तूप आणि हळद चोळीत. आम्हा मुलांना तो नुसता सण वाटायचा. पण चोळता चोळता आजोबांची बोटे खांद्यावरची सूज, सोलवटलेली कातडी, गाठ शोधीत असत, हे माय सांगते. आता गोठ्यात बैल नाहीत. दादा ग्रीसचा पंप घेऊन ट्रॅक्टरखाली शिरतात तेव्हा मला आजोबांची ती बोटे आठवतात.

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात, शेतकामाला बायकांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. सात जणी गेल्या. त्या आमच्याच हिंगोली जिल्ह्यातल्या, वसमत तालुक्यातील गुंज गावच्या होत्या. ते दिवस हळद काढणीचे होते आणि आमची मायही रोज कुणाच्या तरी ट्रॉलीत बसून कामाला जात होती. तो अपघात कशाने झाला, यावर मी बोलू शकत नाही. पण त्या संध्याकाळी आमच्या घरी चूल उशिरा पेटली आणि दादा अंधार पडला तरी ट्रॅक्टरपाशी बसून होते.

ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पायदाने असतात, डाव्या चाकाचे वेगळे आणि उजव्या चाकाचे वेगळे. तासाच्या शेवटी गाडी जागच्या जागी वळवायची तर त्यांतले एकच दाबतात. रस्त्याला लागताना मात्र दोन्ही पट्टीने जोडून घ्यावी लागतात, कारण वेगात एकच दाबले गेले तर गाडी त्या बाजूला खेचली जाते. जुन्या पद्धतीच्या ब्रेकमध्ये चिखलपाणी गेले तर एक धरतो आणि एक धरत नाही. त्या दिवसापासून दादांनी धुण्याला एक काम जोडले. धुतल्यावर अंगणात गाडी हळूहळू चालवायची, ब्रेक दाबून दाबून वाळवायचे आणि दोन्ही चाके सारखी थांबतात का ते मी खाली उभी राहून पाहायचे. मग ट्रॉलीची पिन आणि तिच्यातली छोटी खीळ.

ही सगळी तपासणी मी एका वहीत लिहिते. वही इतिहासाची आहे. पुढून स्वातंत्र्यलढा आणि मागून ट्रॅक्टर! तारीख, मीटरवरचे तास, ऑइल केव्हा बदलले, कोणता नट दुसऱ्यांदा ढिला सापडला. दादांना पूर्वी हे सारे पाठ असायचे. आता ते म्हणतात, "बघ गं वहीत, मागच्या बारीला कवा आवळला होता?" मी वाचून दाखवते आणि ते मान डोलावतात. एकच नट पुन्हापुन्हा ढिला का होतो, हा प्रश्न पहिल्यांदा त्या वहीमुळेच निघाला. तो उघडून पाहिला तर बोल्टचेच आटे झिजलेले निघाले.

ज्यांना अक्षरओळख नाही त्यांना आपण सहज अडाणी म्हणतो. महाविद्यालयात आल्यावर मीही हा शब्द अनेकदा ऐकला. गंजाच्या ओघळावरून ढिला नट ओळखणारा माणूस अडाणी कसा, हे मला कुणी समजावून सांगावे. दादा वाचतातच. त्यांची लिपी वेगळी आहे, आणि ती वाचण्यासाठी आधी चिखल धुवावा लागतो.

पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ट्रॉली माल वाहण्यासाठी असते, तिच्यात माणसे बसवायची नसतात, असा कायदा आहे. दादा आता आमच्या ट्रॉलीत कुणाला बसवत नाहीत. आमच्या ट्रॅक्टरचे ब्रेक आम्ही रोज पाहतो. माय मात्र हळदीच्या दिवसांत मुकादम धाडील त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जाते, कारण लांबच्या रानात पोहोचायला दुसरे काही वाहन नाही आणि मजुरी बुडवून चालत नाही. तो ट्रॅक्टर आदल्या रात्री कुणी धुतला का, त्याची पायदाने जोडली होती का, हे कोणत्या वहीत लिहिलेले असते?

आता मायनेच एक सवय लावून घेतली आहे. ट्रॉलीत चढण्याआधी ती पुढे जाऊन पिन आणि तिची खीळ डोळ्यांनी पाहते. बरोबरच्या बायका आधी हसत. परवा माय सांगत होती, आता त्यांच्यातल्या दोघी तिच्या आधीच जाऊन पाहतात.