साक्षीदार थांबतो तेव्हा

प्रश्न विचारल्यावर काही साक्षीदार थांबतात. उत्तर येतं, पण आधी दोन-तीन श्वासांची फट पडते. सांगलीच्या कोर्टात फौजदारी वकिली करता करता केस पांढरे झाले, तरी त्या फटीत नेमकं काय असतं ते मला छातीठोकपणे सांगता येत नाही. माणूस आठवत असतो, घाबरलेला असतो, की जुळवाजुळव करत असतो? बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं.

हे आता लिहायला बसले कारण चेहराच दिसेनासा झालाय. दोन्ही डोळ्यांचा मॅक्युला झिजतोय. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जातं, कडेचं शाबूत राहतं. साक्षीदाराच्या तोंडाकडे पाहिलं तर तिथे राखाडी डाग, आणि खाली कठड्यावर ठेवलेले त्याचे हात. जन्मभर ज्यावर मिरवले तेच हातचं गेलं.

मिरवले हे खरंच. बाररूममध्ये बोललं जायचं, ‘वकीलबाई माणूस वाचतात.’ मी ते कधी खोडून काढलं नाही, उलट जोपासलं. समोरचा वकील सरतपास घेत असताना कागद मिटायचे, साक्षीदारावर नजर रोखायची, आणि काही कारण नसताना मध्येच वहीत एक रेघ ओढायची. साक्षीदार बिचकायचा. मग बिचकला म्हणून मी त्याला धरायचे. म्हणजे घाबरवायचंही आपणच आणि घाबरला म्हणून संशय घ्यायचाही आपणच. पक्षकार मात्र खूश. त्याला कलमं कळत नाहीत, बाईंची नजर कळते.

बांधाच्या भांडणातून झालेल्या एका खुनाच्या खटल्यातला शेजारचा शेतकरी आठवतो. चपला दाराबाहेर, टोपी काढून हातात. सरतपासात नीट बोलला. मी विचारलं, ‘मारहाण झाली तेव्हा तुम्ही किती फुटांवर होता?’ तो थांबला. उजव्या हाताचा अंगठा कठड्याच्या लाकडावर गोल फिरायला लागला. नजर दाराकडे गेली, तिथे पैरवीचा हवालदार उभा. ‘पंधरा,’ तो म्हणाला. मी गप्पच राहिले, तेव्हा म्हणाला, ‘नाही, चाळीस असतील.’ माझ्या पक्षकाराच्या तोंडावर हसू. इतक्यात न्यायाधीशांनी विचारलं, ‘फूट राहू द्या, इथून कुठपर्यंत ते दाखवा.’ त्यासरशी त्याने खिडकीतून बोट केलं: ‘त्या चिंचेपर्यंत, साहेब. हाकेच्या अंतरावर.’ गडी एवढा वेळ हाकेचे फूट करत होता. ते कळूनही युक्तिवादात मी पंधरा आणि चाळीस हे दोन्ही आकडे वाजवून घेतले. आरोपीची वकील म्हणून ते माझं कामच होतं.

खरी पंचाईत पुढेच आहे. तो अंगठा, ती नजर, ते थांबणं कागदावर येत नाही. न्यायाधीश साक्ष सांगतात, स्टेनो टाइप करतो, आणि साक्षीदाराचं चाचपडणं एका सरळ वाक्यात इस्त्री होऊन बाहेर पडतं. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल न्यायाधीशांनी शेरा मारावा अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 280 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत तेच कलम 315 झालं. तरतूद जुनी, शेरे दुर्मीळ. म्हणून मी एक युक्ती काढली होती. साक्षीदार थांबला की विचारायचं, ‘उत्तर द्यायला एवढा वेळ का लागला?’ त्यावर तो जे बोलेल ते टाइप होतंच. अपिलात कागदच वाचले जातात. तिथे ते थांबणं पोचवायचं तर आधी त्याचं उत्तर व्हायला हवं. युक्ती माझी, आता अर्धी बार वापरते. श्रेय कुणी देत नाही.

अलीकडे वकिलांसाठी देहबोलीच्या कार्यशाळा निघाल्यात. एकीला गेले होते. सूटबूट घातलेले प्रशिक्षक सांगत होते: नजर खाली गेली की खोटं, हात नाकाशी गेला की खोटं. मला जत-आटपाडीकडच्या बायका आठवल्या. डोक्यावरचा पदर सावरत, खाली बघत, परक्या पुरुषांनी भरलेल्या खोलीत ज्या खरंखुरं सांगून गेल्या. या हिशेबाने त्या सगळ्याच लबाड. न्यायाधीशांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलण्याचा सराव असतो तो बहुधा वरचेवर साक्षीला येणाऱ्या पंचांना. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या अमेरिकी संशोधकांनी 2006 मध्ये जगभरातले प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा माणसाचा खोटं-खरं ओळखण्याचा अंदाज सरासरी 54 टक्के बरोबर निघाला. नाणं उडवलं तरी 50 येतात. पॉल एकमन आणि मॉरीन ओ’सलिव्हन यांनी 1991 मध्ये न्यायाधीशांचीही परीक्षा घेतली होती. ते नाण्याच्या फारसे पुढे गेले नाहीत. त्या कार्यशाळेत यातलं अवाक्षर नव्हतं. प्रमाणपत्र मात्र सगळ्यांना मिळालं. माझंही कुठेतरी कपाटात असेल. आणि आरोपी व्हॅनमधून उतरून चार पावलं चालला की त्याचा गुन्हा ओळखणारे टीव्हीवरचे तज्ज्ञ, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

यंत्रांवरही माझा भरवसा नाही. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी संमतीशिवाय करायला मनाई केली, ते योग्यच झालं.

याज्ञवल्क्यस्मृतीवरची मिताक्षरा आम्ही शिकलो ती एकत्र कुटुंबाच्या वाटणीपुरती. डोळे धडधाकट होते तेव्हा एका सुट्टीत व्यवहाराध्याय काढून बसले होते. खोट्या माणसाची लक्षणं याज्ञवल्क्याने सांगितलीच आहेत: जागा बदलतो, ओठांचे कोपरे चाटतो, कपाळाला घाम येतो, तोंड कोरडं पडून अडखळतो. कार्यशाळेची फी भरायची गरजच नव्हती. पण त्यावर टीका लिहिणारा विज्ञानेश्वर, चालुक्यांच्या कल्याणीत बसून, पुढचं बोलून गेला. याने फक्त संशय येतो, दोष ठरत नाही, कारण स्वाभाविक विकार कुठला आणि कारणाने आलेला कुठला हे सांगणं अवघड. नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय हे. त्या शेतकऱ्याच्या अंगठ्याबद्दल यापेक्षा जास्त काही मला आजही सांगता येणार नाही.

दिवाणी बाजूला तर माणूस बघायची सोयच गेली. 2002 पासून सरतपास शपथपत्रावर होतो. शपथपत्र वकील लिहितो, साक्षीदार सही करतो. पूर्वी तो स्वतःच्या तोंडाने गोष्ट सांगायचा आणि ऐकता ऐकता त्याची चाल कळायची. आता तो थेट उलटतपासालाच उभा राहतो, आणि वकिलाची भाषा त्याच्या तोंडी बसत नाही म्हणून अडखळतो.

माझी ज्युनियर साक्षीदाराकडे बघतच नाही. पोलिसांपुढचा जबाब एका हातात, कोर्टातली साक्ष दुसऱ्या. कुठे काय गाळलंय, कुठे काय वाढलंय तेवढं काढते आणि बसते. सुरुवातीला मी नाकं मुरडली. तिच्या उलटतपासात रंगत नाही, म्हटलं. हळूहळू तिला निकाल मिळायला लागले. मग मी गप्प बसले. असूया वाटते, का लपवा?

आता प्रश्न ती विचारते, मी शेजारी बसते. सुरुवातीला बिनमहत्त्वाचं विचारायला लावते: गाव कुठलं, एसटी किती वाजता, ऊस कुठल्या कारखान्याला जातो. त्यातून त्या माणसाचं नेहमीचं थांबणं कानाला कळतं. काही माणसं मुलांची नावं सांगतानाही थांबतात. त्यांच्या थांबण्याला किंमत द्यायची नाही. पण एरवी सावकाश बोलणारा एखाद्या ठिकाणी भराभर बोलून मोकळा झाला की मी तिच्या गाऊनची बाही ओढते. ती तिथे आणखी दोन प्रश्न टाकते. कधी काही निघतं, कधी नुसतीच त्याला एसटीची घाई असते. ‘मॅडम, तुम्हाला कसं कळतं?’ असं तिने विचारावं असं मला फार वाटतं. ती विचारत नाही.

तुमच्यापैकी कुणाला पंच किंवा साक्षीदार म्हणून समन्स आलं तर एवढं करा. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. फूट-मीटर येत नसतील तर बोटाने दाखवा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, आणि विचार करायला लागेल तेवढं खुशाल थांबा. समोर माझ्यासारखी कुणी असेल तर ती त्या थांबण्याचा फायदा उठवेल. तिने फी त्याचीच घेतलेली असते. शेवटी ती म्हणेल, तुम्ही खोटी साक्ष देताय. घाबरू नका. खरं बोलणारा असो की खोटं, उलटतपासाच्या शेवटी बहुतेक सगळ्यांच्या नावावर एकच ओळ टाइप होते: हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.