ताडांचे बेट

टाउन्सव्हिलचे बंदर मागे पडले, की निळ्या पाण्यातून पाम आयलंडचे हिरवे डोंगर हळूहळू वर येऊ लागतात. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरील हे बेट दुरून पाहताना आम्हांस कोकणपट्टीची आठवण झाली. १७७० साली कॅप्टन कुक येथून गेला, तेव्हा त्याच्या लोकांनाही किनाऱ्यावर नारळी असाव्यात असे वाटले होते. होडी पाठवून पाहिले, तर झाडे ताडाच्या निराळ्याच जातीची निघाली! बेटाला नाव मात्र त्यांचेच राहिले.

बेट मूळचे मनबारा लोकांचे. परंतु १९१८ च्या मार्चमध्ये समोरच्या किनाऱ्यावरील हल रिव्हर येथील सरकारी वसाहत वादळाने उद्ध्वस्त झाली आणि तेथील आदिवासींना येथे आणण्यात आले. पुढे क्वीन्सलंडच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येतच राहिली. कोणी मजुरी मागितली, कोणी साहेबाला उलट उत्तर दिले. शिक्षा एकच, पाम आयलंड. चाळिसांहून अधिक जमातींचे लोक असे एकत्र आले. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या घरांचा रस्ता ‘मँगो ॲव्हेन्यू’ म्हणून ओळखला जाई. त्या आंब्यांच्या सावलीत आदिवासींनी परवानगीवाचून पाऊल टाकावयाचे नाही, असा दंडक होता.

मुलांना आईबापांपासून काढून वसतिगृहांत ठेवीत आणि तेथे मातृभाषेला मज्जाव असे. परमुलखात राहून मुलांच्या तोंडी मराठी टिकावी म्हणून आपण धडपडतो; पण घरात मराठी बोलू नका, असे आपल्याला कोणी बजावले नाही. येथे घरच काढून घेतले होते.

१९५७ च्या जूनमध्ये मात्र बेटाने काम थांबवले. ॲल्बी गाया या कामगाराला हद्दपार करण्याचा हुकूम निघाला आणि शिधा व तुटपुंज्या मोबदल्यावर राबणाऱ्यांची सहनशीलता संपली. पाच दिवस संप चालला. मग पहाटे पोलिसांनी सात पुढाऱ्यांना पकडले आणि कुटुंबांसह बेटाबाहेर धाडले. त्या काळात बुडवलेल्या मजुरीचा प्रश्न अद्यापि विस्मृतीत गेलेला नाही. २००४ साली पोलीस कोठडीत कॅमरन डूमाजी याचा मृत्यू झाला, तेव्हा चिडलेल्या लोकांनी पोलीसठाणे जाळले. त्यानंतरच्या पोलिसी वर्तनाबद्दल २०१८ मध्ये सरकारने क्षमा मागून तीन कोटी डॉलरची भरपाई मान्य केली.

तथापि आमच्या मनातून जात नाही तो तंबो. १८८३ साली कनिंगहॅम नावाच्या दलालाने या परिसरातून नऊ माणसे नेली, बार्नमच्या सर्कशीत दाखविण्यासाठी. पुढल्याच वर्षी तंबो अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे वारला. सोबत्यांना त्याचे अंत्यविधीही करू दिले नाहीत. मसाला भरलेला तो देह प्रदर्शनात मांडला गेला. १९९३ मध्ये तो एका अंत्यविधिगृहाच्या तळघरात सापडला आणि १९९४ साली बेटावर परत आला. मृत्यूनंतर एकशेदहा वर्षांनी, आपल्या माणसांच्या हातून, तंबो येथील मातीत विसावला.