तीन नुक्त्यांचा अलिफ

2020 चा रमजान लॉकडाऊनमध्ये आला. कुंभारीतल्या आमच्या दोन खोल्यांत सहा माणसं. मोबाईलवर जो तो सांगत होता, साने गुरुजींनी 'श्यामची आई' 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, तुम्हीही घरात बसून काहीतरी करा! खरंय. पण तुरुंगात गुरुजींना घरातलं तेल संपल्याचं कुणी सांगत नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी मी बोरू काढला. नस्तालिकमध्ये अलिफची उंची तीन नुक्ते. नुक्ता म्हणजे त्याच बोरूचा एक चौकोनी ठसा. सहरी, फज्र झाली आणि सगळे आडवे झाले की तासभर मिळायचा. तेवढ्यात चार कागद वाया जायचे.

एक दिवस ते कागदच सापडेनात. बघतो तर अम्मी मांडीवर सूप घेऊन बसलेली. बिडीचं काम बंद, पानं नाहीत, मजुरी नाही. माझे अलिफ ती कात्रीने बिडीच्या पानाच्या मापात कापत होती. मी चिडलो.

"हाथ भूल जाते रे," ती म्हणाली.

सुपातले तुकडे मी उचलून एकावर एक ठेवले. माप न लावता कापलेले, तरी सगळे सारखे. माझे चार अलिफ एकसारखे नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून वाया गेलेले कागद मीच तिच्या सुपात ठेवू लागलो.