अण्णांची 'रेस्ट'

रोड ट्रिपचं प्लॅनिंग मी चक्क एक्सेलमध्ये केलं होतं. हसू नका, आयटीवाल्यांना दुसरं येतं काय! शिरूरहून, म्हणजे सासरहून निघायचं, दौंडला माहेरी अण्णांना गाडीत घ्यायचं, मोरगाव-नीरा-लोणंद करत साताऱ्याजवळ हायवे गाठायचा. पहिला मुक्काम कोल्हापूर, मग आंबा घाट उतरून रत्नागिरी. तिसऱ्या दिवसापुढे हिरव्या रंगात लिहिलं होतं, 'रेस्ट डे'. आणि त्याखाली सात स्पॉट्स! थिबा पॅलेस, रत्नदुर्ग, टिळकांचं जन्मस्थान, पतित पावन मंदिर, भाट्ये...

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला अण्णांच्या खोलीत डोकावले. अण्णा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पायाशी बॅग ठेवून खुर्चीत बसलेले.

'अहो अण्णा, आज कुठे निघायचं नाहीये. आज आराम!'

'माहितीये गं. पण कॉल आला म्हणजे?' म्हणाले आणि स्वतःच हसले.

अण्णा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. दौंडहून गाडी घेऊन कधी सोलापूर, कधी मनमाड. माझ्या लहानपणी रात्री-अपरात्री दारावर थाप पडायची. कॉलबॉय! त्याच्या वहीत सही केली की दोनेक तासांत अण्णा ड्युटीवर. मग दिवाळी असो नाहीतर कुणाचं लग्न. तिकडे पोचले की रनिंग रूममध्ये जेवण, झोप आणि पुन्हा कॉल. याला ते 'रेस्ट' म्हणायचे. सातवीतल्या गॅदरिंगमध्ये माझा कोळी डान्स होता, तेव्हा अण्णा मनमाडला 'रेस्ट'मध्ये होते. तो राग मी बरीच वर्षं जपून ठेवला होता.

दोन दिवस स्टिअरिंग धरून नवरा दमला होता. त्याला झोपू दिलं आणि आम्ही दोघं रिक्षाने थिबा पॅलेसला गेलो. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ साली त्याचं राज्य घेतलं, पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा १९१० साली बांधून झाला आणि १९१६ साली राजा इथेच गेला. परत मायदेश दिसला नाही.

'म्हणजे तीस वर्षं रत्नागिरीत?' अण्णा लाकडी कठड्याला हात लावत म्हणाले, 'याचा रिलीव्हर आलाच नाही म्हणायचा!'

मी खळखळून हसले. पुढचा स्पॉट रत्नदुर्ग होता, पण अण्णा सावलीत टेकले आणि का कोण जाणे, मीही टेकले. सातातला एकच झाला. बाकीचे तसेच राहिले.

संध्याकाळी तिघंही मांडवीच्या जेटीवर गेलो. नवरा भेळ आणायला गेला. अण्णा बराच वेळ समुद्राकडे बघत होते.

'किती वेळा सोलापूरला गेलो असेन,' ते म्हणाले, 'पण सिद्धेश्वराचं तळं काही बघितलं नाही. रनिंग रूम बघितली फक्त.'

मी गप्प. गेल्या वर्षी ऑफिसच्या कामाने सहा वेळा बेंगळुरूला गेले होते. काय पाहिलं? एअरपोर्ट, कॅब, हॉटेल. माझी रनिंग रूम एसीवाली, एवढाच फरक!

थोड्या वेळाने म्हणाले, 'तुझा तो कोळी डान्सही राहिला.'

त्यांना आठवत होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, ते विसरलेत. काय बोलावं सुचेना. मी नुसता त्यांचा हात धरला.

तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजायला लागला. स्क्रीनवर ऑफिसचा नंबर. सुट्टी मंजूर असली म्हणून काय झालं!

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. 'कॉल आला?'

मी फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

'येऊ दे, अण्णा. आज रेस्ट आहे.'