नानांचा कान

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरची मोटार रोज सकाळीं टकटक आवाज करूं लागली. प्रथम तो पांच-दहा सेकंदांत थांबे. पुढें गाडी कोपऱ्यापर्यंत गेली तरी थांबेना. आम्ही मात्र, जुनी होत चाललेली वस्तु थोडी कुरकुरायचीच, असें म्हणून कानाडोळा केला.

आमचे वडील नाना ८२ वर्षांचे आहेत. पूर्वीं घरांत प्रीमियर पद्मिनी होती, तिचे टॅपेट ते स्वतः जुळवीत असत. इंजिनाचें झांकण काढावें, झडपेची दांडी व तिला दाबणारा रॉकर यांमधील फटींत पोलादाची पातळ पट्टी सरकवावी, ती किंचित् अडकत सरकली म्हणजे स्क्रू पक्का करावा, असा त्यांचा क्रम असे. ही फट मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांएवढीच. परंतु ती हवी. कारण तापल्यावर झडपेची दांडी लांबते. फटच नसेल तर झडप पुरती मिटत नाहीं, पेटलेला वायु तिच्या कडेनें निसटतो आणि झडप जळते. फट वाढली तर टकटक सुरू होते.

"टॅपेट वाजताहेत रे, दाखवून घे," असें नानांनीं दोनदां सांगितलें, तेव्हां आम्ही मिस्त्रीस घरीं बोलाविलें. तो तरुण हंसून म्हणाला, "आजोबा, ह्या इंजिनांत फट जुळवायला स्क्रूच नसतो. तो जमाना गेला." त्याबरोबर आम्हीही हंसलों. नाना कांहीं बोलले नाहींत. पण त्या दिवसापासून ते मोटारीजवळ येईनासे झाले. मिस्त्रीनें सगळेच टॅपेट बदलण्याचा खर्च सांगितला. तो ऐकून मात्र आमचें हंसें विरलें, आणि ही नवी रचना आहे तरी काय, हें समजून घ्यावें असें मनानें घेतलें.

ती रचना तितकीशी नवीही नाहीं. अमेरिकेंतील कॅडिलॅकच्या सोळा सिलिंडरांच्या मोटारींत १९३० सालींच झडपांचा आवाज बंद करण्यासाठीं तेलाची योजना केलेली होती. असा टॅपेट आंतून पोकळ असतो. त्यांत एक लहान दट्ट्या, त्याखालीं स्प्रिंग आणि एक इवलीशी गोळी असते. ही गोळी तेल आंत येऊं देते, परत जाऊं देत नाहीं. कॅमचा उंचवटा दूर असतां स्प्रिंग दट्ट्यास सारून फट बुजविते, व मोकळ्या जागेंत इंजिनाचेंच वंगणतेल शिरतें. उंचवट्याचा भार येतांच गोळी वाट बंद करते. कोंडलेलें तेल दाबलें जात नाहीं म्हटलें तरी चालेल. म्हणून पोकळ टॅपेट त्या क्षणीं भरीव पोलादासारखा वागतो. दट्ट्याच्या कडेनें लेशमात्र तेल झिरपूं दिलेलें असतें. झडपेची दांडी तापून लांबली, कीं टॅपेट तितकाच आंखूड होतो. भार पेलतांना ताठ, एरवीं नमतें घेणारा! एकत्र कुटुंबांत अशीं माणसें असतात, आणि त्यांच्यामुळेंच घराचा आवाज बाहेर जात नाहीं.

रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीच्या टॅपेटांतून तेल निथळतें, तेव्हां सकाळीं क्षणभर टकटक होणें यांत नवल नाहीं. परंतु तेल कमी असेल तर पंप हवाही ओढतो. हवा दाबली जाते, आणि तिच्यावर भार पेलत नाहीं.

हें सर्व आम्ही एका संध्याकाळीं नानांस वाचून दाखविलें. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटीं एवढेंच म्हणाले, "म्हणजे सगळा खेळ तेलाचाच. मग तेल पाहिलंस का?"

आम्हीं तें पाहिलें नव्हतें. मिस्त्रीनेंही पाहिलें नव्हतें. खालीं जाऊन डिपस्टिक काढली, तों तेल खालच्या खुणेच्याही खालीं, आणि काजळासारखें काळें. तेल बदलून सतरा महिने झाले होते. आज करूं, उद्यां करूं, असें म्हणणारे आम्हीच. आणखी थोडे दिवस तसेच गेले असते, तर सारें इंजिनच कामांतून गेलें असतें.

नवें तेल व नवा फिल्टर घातल्यावर, कांहीं मैल गाडी चालतांच टकटक थांबली. एकही टॅपेट बदलावा लागला नाहीं.

नानांची क्षमा मागण्यास आमची जीभ कांहीं रेटली नाहीं. पुढच्या रविवारीं मात्र डिपस्टिक पुसण्याचें फडकें आम्हीं मुकाट्यानें त्यांच्यापुढें धरलें. नानांनीं तें घेतलें, चष्मा सारखा केला, आणि ते आमच्यापुढें जिना उतरूं लागले.