आकडा सारखा, परीघ वेगळा

इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळणाऱ्या स्पोर्ट्स कारला चारही टायर एकाच मापाचे हवेत, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. सांगत कसला, बजावत आलो. मिशिगनमधल्या आमच्या गाडीवेड्या मराठी टोळक्यात कुणी मागे रुंद टायर टाकायची भाषा काढली की माझं प्रवचन सुरू व्हायचं. हल्ली मी ते देत नाही. गाडी तीच आहे, तिचे चारही टायर अजूनही एकाच मापाचे आहेत. पण ते तसे का असावेत याबद्दलचं माझं मत पार बदललंय.

गाडी म्हणजे सेकंडहँड घेतलेली सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआय. टायरचं माप २४५/४० आर १८, पुढेही तेच, मागेही तेच. मित्सुबिशीच्या लान्सर इव्होल्यूशन टेनलाही हेच माप आणि निसान स्कायलाइन जीटी-आरच्या आर३४ लाही हेच. तीन जपानी कंपन्या, तिघींची यंत्रणा वेगळी आणि तिघींनी नेमका एकच आकडा निवडलेला! मला त्यात शास्त्रवचन दिसायचं. पोर्शे आणि लॅम्बोर्गिनीवाले मागे जाडजूड टायर लावतात ते फोटोत गाडी मागून देखणी दिसावी म्हणून, असं मी खुशाल म्हणायचो. त्यात थोडा मत्सरही होता, हे कबूल करायला आता हरकत नाही.

या मताला आधार नव्हता असं मात्र नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणजे त्यांच्या फेऱ्या जास्त होतात. चारही चाकं इंजिनाला जोडलेली असली की पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधला हा फरक कुठेतरी पचवावा लागतो. एसटीआयमध्ये ते काम मधला डिफरन्शियल करतो. तो साधारण ४१ टक्के ताकद पुढे आणि ५९ टक्के मागे पाठवतो, आणि गिअरच्या दांड्याजवळच्या छोट्या स्विचने तो लॉकही करता येतो. लॉक केला की पुढच्या-मागच्या ॲक्सलना एकाच वेगाने फिरावं लागतं. बर्फावर किंवा खडीवर चाकं जराशी घसरतात आणि आतला ताण मोकळा होतो. कोरड्या डांबरावर ती सोय नाही. तिथे टायर खरडतात आणि आतले क्लच तापतात.

वळणावरचा फरक वळण संपलं की संपतो. टायरच लहान-मोठे असतील तर तो सरळ रस्त्यावरही, गाडी चालू आहे तोवर चालू राहतो. लहान पावलं टाकणाऱ्याला बरोबरीने चालायला जास्त पावलं टाकावी लागतात, तसंच हे. म्हणून सुबारूची शिफारस कडक आहे: चारही टायरच्या परिघात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको. पाव इंच म्हणजे सुमारे ६.३ मिलिमीटर. त्रिज्येत मोजलं तर जेमतेम एक मिलिमीटर.

हे सगळं मला पाठ होतं. गंमत अशी की शिफारस परिघाबद्दल होती आणि मी प्रवचन मापाबद्दल करत होतो.

माझ्या प्रवचनाला पहिला अडथळा खरं तर २००७ च्या शेवटीच उभा राहिला होता, निसानची आर३५ जीटी-आर जपानात आली तेव्हा. तिच्या आधीच्या आर३२, आर३३ आणि आर३४ या तिन्ही पिढ्यांना चारही टायर एकाच मापाचे. या तीन गाड्यांत इंजिनाची ताकद मुळात मागच्या चाकांकडे जाते. संगणक पुढच्या-मागच्या चाकांचे वेग सतत ताडून पाहतो, आणि मागची चाकं जास्त वेगाने फिरताना दिसली की ती घसरताहेत असं समजून क्लच आवळतो आणि थोडी ताकद पुढे पाठवतो. आता मागचे टायर जास्त घासून लहान झाले तर काय होईल? ते न घसरताच जास्त फिरतील आणि संगणक त्यालाच घसरणं समजेल. म्हणून या गाड्यांचे मालक टायरबाबत फार सोवळे असतात, आणि ते योग्यच आहे. पण आर३५ ला कंपनीनेच पुढे २५५/४० आर २० आणि मागे २८५/३५ आर २० दिले. मी तेव्हा काय केलं? ‘निसान घसरली’ असा शेरा मारला आणि विषय बंद केला. हिशेब करून पाहिला नाही.

तो करायला लावला माझ्या भाच्याने. तो बाणेरला राहतो आणि त्याने बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्ह घेतली. २०२१ पासून ही गाडी चेन्नईजवळच्या कारखान्यात जुळवली जाते. पुण्याच्या वारीत मी ती पाहिली. चाकं १९ इंची, पुढे २२५/४०, मागे २५५/३५. मी पोर्चमध्येच तोंड उघडलं. भाचा शांतपणे म्हणाला, “मामा, तुझा नियम खरा असेल तर ही गाडी शोरूममधून बाहेर पडतानाच बिघडलेली असायला हवी. कंपनीला डिफरन्शियल कळत नाही का?”

मी कागद मागितला. टायरवरचा पहिला आकडा म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे. शेवटचा म्हणजे रिमचा व्यास इंचात. भिंत दोनदा घ्यायची, रिम मिळवायची, की पूर्ण व्यास मिळतो. भाच्याच्या पुढच्या टायरचा व्यास निघाला ६६२.६ मिलिमीटर, मागच्याचा ६६१.१. फरक दीड मिलिमीटर, म्हणजे पाव टक्क्याहूनही कमी. रुंदी वाढवताना कंपनीने भिंतीची टक्केवारी घटवली होती आणि व्यास जवळजवळ जागच्या जागी ठेवला होता. सुबारूच्या त्या कडक शिफारशीतसुद्धा ही गाडी कागदावर बसत होती.

मग मी आर३५ चा हिशेब केला. पुढे ७१२, मागे ७०७.५. फरक साडेचार मिलिमीटर, सुमारे ०.६ टक्के. पोर्शे ९११ टर्बोच्या ९९६ पिढीला पुढे २२५/४० आर १८ आणि मागे २९५/३० आर १८. आकडे पाहिले तर वाटतं दोन वेगळ्या गाड्यांचे टायर एका गाडीला लावलेत. व्यासात फरक मात्र तीन मिलिमीटर. ज्याला मी दिखाऊपणा म्हणत होतो त्यामागे चांगलं काटेकोर गणित होतं. रुंदी वजनाप्रमाणे द्यायची आणि परीघ बिघडू द्यायचा नाही, एवढंच ते गणित. ९११ चं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकलेलं, तेव्हा रुंद टायर मागेच हवेत. माझ्या एसटीआयचं इंजिन पुढच्या ॲक्सलच्या पुढे, नाक जड, वळताना पुढची पकड आधी सुटणारी. तिला पुढेही मागच्याइतकेच रुंद टायर लागतात. तीन जपानी गाड्यांतलं शास्त्रवचन म्हणून मी जे पूजत होतो, त्यात पुढे ठेवलेल्या इंजिनांचा वाटा मोठा होता.

भाचा आणखी एक उदाहरण काढून बसला होता. २०२० साली आलेली ९९२ पिढीची ९११ टर्बो एस: पुढे २५५/३५ आर २०, मागे ३१५/३० आर २१. रिमसुद्धा वेगळी! व्यास पुढे ६८६.५ आणि मागे ७२२.४, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त फरक. इथे ‘परीघ सारखा’ हा माझा नवा, तासाभराचा नियमही कोसळला. पण क्षणभरच. पुढची चाकं लहान आहेत आणि ती जास्त फिरणार हे आधीच ठरलेलं असेल तर पुढच्या ॲक्सलचं गिअरचं गुणोत्तर त्या हिशेबाने ठेवायचं. फेऱ्यांतला फरक गिअरमध्येच जिरला की क्लचपर्यंत तो पोचत नाही. तेव्हा नियम ना मापाचा, ना निव्वळ परिघाचा. गाडीचे गिअर कापताना पुढच्या-मागच्या फेऱ्यांचं जे प्रमाण गृहीत धरलं होतं, ते टिकलं पाहिजे. एसटीआयमध्ये ते प्रमाण एकास एक आहे, टर्बो एसमध्ये नाही. त्या गाडीला माझ्या जुन्या प्रवचनाप्रमाणे चारही टायर एका मापाचे लावले असते तर मात्र खरंच नुकसान झालं असतं.

उलट्या बाजूने हौशी लोक काय करतात तेही सांगतो. आर३५ ला मागे आणखी रुंद दिसावं म्हणून २८५/३५ काढून ३०५/३० टाकायचे. रिम तीच २० इंची, टायर फक्त २० मिलिमीटरने रुंद, वरवर बघता निरुपद्रवी. पण मागचा व्यास उतरतो ६९१ वर, पुढे ७१२ तसाच. तीन टक्क्यांचा फरक पडतो आणि संगणकाला मागची चाकं कायमची घसरताना दिसतात.

तरी माझं मत खऱ्या अर्थाने हललं ते पुढच्या हिशेबाने. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. कायद्याने ती १.६ पर्यंत झिजू देता येते. २४५/४० आर १८ चा नवा टायर ६५३.२ मिलिमीटर व्यासाचा, तोच पार झिजला की ६४०.४. जवळजवळ दोन टक्के फरक, आणि तोही टायरच्या भिंतीवर अगदी तेच माप छापलेलं असताना! ज्या आर३५ ला मी नावं ठेवली तिच्यातल्या फरकाच्या तिप्पट. इतकं टोकाचं नको, पुढे नवे आणि मागे तीनच मिलिमीटर जास्त झिजलेले धरा. किलोमीटरमागे मागच्या चाकांच्या साडेचार फेऱ्या जास्त होतात. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा आहे. एका बाजूच्या प्रवासात सव्वाचारशे फेऱ्यांचा फरक डिफरन्शियलने किंवा क्लचने गिळायचा.

आणि आमच्या टोळक्यात हे सर्रास चालतं. चारही टायर एका मापाचे, म्हणून मालक निर्धास्त. दोन गोटा झालेले, दोन परवा टाकलेले, त्यातला एक तर भलत्याच कंपनीचा. दोन कंपन्यांचे एकाच मापाचे टायर वजनाखाली तंतोतंत सारखे फिरतातच असंही नाही. माझा नियम त्यांना वाचवत नव्हता. उलट, सगळं ठीक असल्याची खात्री देत होता.

काही काळाने भाच्याचा फोन आला. “मामा, मागचे दोन गोटा झालेत. पुढचे चांगले आहेत. मागचे दोनच बदलू ना?”

“चांगले म्हणजे किती मिलिमीटर?”

टायरवाल्याने मोजून सांगितलं: पुढे पाच. मागे नवे आठचे टाकले तर पुढचे सहा मिलिमीटरने लहान आणि मागचे पूर्ण मापाचे. कंपनीने दीड मिलिमीटर पुढच्या बाजूने ठेवला होता, तो उलटून साडेचार मागच्या बाजूने होणार. मी म्हटलं, चारही बदल. तो वैतागला. “म्हणजे माप वेगळं चालतं, पण झीज वेगळी चालत नाही?” मी जे मोठ्या कष्टाने शिकलो ते त्याने एका वाक्यात म्हणून टाकलं आणि वर बिलाबद्दल मलाच दोष दिला.

मग मी स्वतः अजून एकाच मापाचे टायर का वापरतो? कारण पुढचे मागे आणि मागचे पुढे करता येतात, आणि चौघांची झीज एकमेकांच्या जवळ राहते. पुढे-मागे मापं वेगळी असली की ती सोय गेली. एका ॲक्सलचे टायर आधी झिजतात आणि पुढचा-मागचा फरक महिन्यागणिक वाढत जातो. चांगली स्पोर्ट्स कार घडवताना कुणी ही किंमत जाणूनबुजून मोजत असेल तर मोजू दे, त्यांची कारणं मला आता पटतात. मला ती मोजायची नाही, इतकंच. अमेरिकेत एकच टायर फाटला तर नवा टायर यंत्रावर तासून बाकीच्या तिघांइतका झिजवून देणारे विक्रेते आहेत. नवाकोरा टायर पैसे देऊन तासायचा हे पूर्वी मला वेडेपणाचं वाटायचं. आता त्यांचा पत्ता माझ्या फोनमध्ये आहे.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर टायर बदलताना मापाबरोबर भिंतीवरच्या खुणाही जुळवा. बीएमडब्ल्यूने मान्य केलेल्या टायरवर तारा असतो, पोर्शेच्या टायरवर एन अक्षर आणि पुढे आकडा. आणि टायरवाल्याकडून चारही चाकांची नक्षी मिलिमीटरमध्ये बिलावर लिहून घ्या. मोजताना आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या अशा तिन्ही खाचांत मोजायला सांगा. या गाड्यांची चाकं वरच्या बाजूला किंचित आत झुकवलेली असतात, त्यामुळे आतली कड बहुधा आधी झिजते आणि ती उभ्याने दिसत नाही.